घरात दगड पडतात, भांडी वाजतात: आधी घड्याळ बघा

कोकणातल्या जुन्या घराबद्दल तक्रार येते ती बहुधा चार-पाच प्रकारांतली. कौलांवर दगड पडतात. माळ्यावर कोणीतरी चालतं. दार आपोआप उघडतं. फडताळातलं भांडं खाली येतं. क्वचित कपडे जळतात. घाटावर याला भानामती म्हणतील, खाली देवचार, गिरा किंवा नुसतंच ‘बाहेरचं’. नाव काहीही असो, तपासाची रीत एकच आहे आणि तिला कॅमेऱ्यापेक्षा वही जास्त लागते.

बहुतेक लोक उलटं करतात. पहिल्याच रात्री चार मोबाइल लावून बसतात, काही दिसत नाही, दुसऱ्या रात्री झोप येते, तिसऱ्या रात्री सोडून देतात. त्याऐवजी पंधरा दिवस फक्त वेळा लिहा. आवाज कसला आहे हे ठरवायला कधी कधी महिना जातो, पण तो कोणत्या घड्याळावर चालतो ते पंधरवड्यात कळतं, आणि ते कळलं की निम्म्याहून अधिक शक्यता आपोआप गळतात.

वही

शंभर पानी वही आडवी धरून रकाने आखा: तारीख, तिथी, सुरू झाल्याची वेळ मिनिटासह, किती वेळ चाललं, कुठून ऐकू आलं, पाऊस-वारा, पंप-पंखा-दिवा चालू होता का, आणि शेवटी सगळ्यात रुंद रकाना: त्या क्षणी घरातलं कोण कुठे होतं. हा शेवटचा रकाना हमखास रिकामा राहतो, कारण तो भरताना घरच्यांवर संशय घेतल्यासारखं वाटतं. म्हणून पहिल्याच दिवशी सर्वांसमोर सांगून टाका, की लिहिणाऱ्यासकट प्रत्येकाची नोंद होणार आहे.

वेळ मोबाइलवरचीच घ्या. भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम दहा मिनिटं पुढे ठेवायची आपल्याकडची खोड इथे नडते. एकाने माजघरातलं घड्याळ बघून लिहिलं आणि दुसऱ्याने मोबाइल बघून, तर एकच ठोका दोन होतात. घडल्यापासून पाच मिनिटांत लिहा, नंतर आठवून लिहिलेल्या नोंदीपुढे ‘आ’ असं अक्षर घाला. दोघांनी एकच आवाज ऐकला असेल तर एकमेकांशी बोलण्याआधी वेगवेगळ्या पानांवर लिहा. आणि काही न घडलेली रात्रही नोंदवा. कोऱ्या रात्रींशिवाय वेळापत्रक जुळत नाही.

पंधराच दिवस का, तर समुद्रामुळे. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे पंधरवड्यात ती जवळजवळ बारा तास फिरून पुन्हा पहिल्या जागी येते. अमावास्या ते पौर्णिमा एवढा काळ घेतला की उधाण (सर्वांत मोठी भरती) आणि भांग (सर्वांत मंद भरती) दोन्ही वहीत येतात.

आता नोंदी वाचा. रोज घड्याळाच्या त्याच ठोक्याला होणारी गोष्ट माणसाच्या वेळापत्रकावर चाललेली असते: पाणीपुरवठ्याचा पंप, शेवटची एसटी, शेजारच्या घरातलं शटर. रोज ५० मिनिटांनी सरकणारी गोष्ट भरतीवर किंवा चांदण्यावर चालते. त्यासाठी वेगळं कोष्टक नको, मासेमारी करणाऱ्या खारव्यांचा हिशेब पुरे: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा, दिवसाही आणि रात्रीही. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. खाडीकाठच्या घराखालून जुना व्हाळ (ओढा) किंवा मोरी जात असेल तर उधाणाच्या भरतीला तिच्यातली हवा दाबली जाऊन गुरगुर, धप् असे आवाज येतात आणि न्हाणीघराच्या मोरीतून उसासा निघतो. हे आवाज भांगात बंद होतात.

सूर्यास्ताला धरून चालणारी गोष्ट प्राण्यांची किंवा छपराची. रत्नागिरीकडे सूर्य डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या आसपास मावळतो आणि जूनअखेर सव्वासातच्या आसपास. पंधरा दिवसांत हा फरक दिसणार नाही, म्हणून जुन्या आठवणी विचारताना ‘दिवाळीत किती वाजता, मे महिन्यात किती वाजता’ असं विचारा. आणि जी गोष्ट फक्त शनिवार-रविवारी, परीक्षेच्या दिवसांत, किंवा एखादी ठरावीक व्यक्ती घरात असतानाच होते, ती कशावर चालते हे सांगायला नको.

ही युक्ती नवी नाही. इंग्लंडमध्ये विल्टशर परगण्यातल्या टेडवर्थ इथे जॉन माँपेसन नावाच्या जमीनदाराचा वाडा होता. १६६१ साली त्याने एका भटक्या ढोलकऱ्याचा ढोल जप्त करवला आणि त्यानंतर वाड्यात रात्री ढोल वाजू लागला, मुलांचे पलंग हलू लागले. जोसेफ ग्लॅनव्हिल या धर्मगुरूने वाड्यावर येऊन तपास केला आणि भुताचा पुरावा म्हणून ते प्रकरण देशभर गाजवलं. पुढे लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल बांधणारा ख्रिस्तोफर रेन हाही तिथे एक रात्र राहिला होता. जॉन ऑब्री या त्याच्या समकालीनाने लिहून ठेवलंय की रेनला ढोलासारखा आवाज आला खरा, पण एक ठरावीक मोलकरीण शेजारच्या खोलीत असली तरच, आणि मधली भिंत नुसत्या फळ्यांची होती. शिवाय हा सैतान गैरवेळी सहसा वाजवत नसे: रात्री बारानंतर आणि सकाळी सहाच्या आधी क्वचितच. म्हणजे वहीतले दोनच रकाने, ‘वेळ’ आणि ‘कोण कुठे’. साडेतीनशे वर्षांत यापेक्षा धारदार हत्यार निघालेलं नाही.

माळा

‘रातचा माळ्यार कोणतरी चलता.’ ही तक्रार सर्वांत जास्त येते आणि सर्वांत लवकर सुटते. उंदराची पावलं खुडबुडतात, थांबतात, पुन्हा धावतात. माणसासारखी जड, सावकाश, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारी पावलं असतील तर कांडेचोर धरा. उदमांजराची ही जात रात्री ठरलेल्या वाटेने ये-जा करते, तीन-चार किलोचा प्राणी फळ्यांवरून चालला की खालच्या माणसाला तो दुप्पट वाटतो, आणि विणीच्या काळात पिल्लांचा कलकलाट ऐकून भलेभले खाली उतरतात.

ठसे घेण्यासाठी दोन फूट लांब-रुंद पुठ्ठे कापा आणि त्यांवर चुलीची राख मैद्याच्या चाळणीने चाळून नखाच्या जाडीइतका थर द्या. पीठ वापरू नका, मुंग्या आणि उंदीर त्याच्यासाठीच येतील आणि तुमचा पुरावा खाऊन जातील. रांगोळी चालते, पण पावसाळ्यात ओल धरून तिची ढेकळं होतात. पुठ्ठे आडव्या तुळईच्या टोकांना, वाशांच्या बेचक्यात आणि झाड जिथे छपराला टेकतं त्या कोपऱ्यात ठेवा. कांडेचोराच्या ठशात पाच बोटं उमटतात, मांजराच्या ठशात चार. एकाच जागी साठलेली, भेरल्या माडाच्या किंवा फळांच्या बियांनी भरलेली विष्ठा सापडली की शंका उरत नाही. गव्हाणी घुबड असेल तर खाली करडे गोळे पडलेले असतात, फोडले की उंदराची हाडं निघतात. त्याचा आवाज फुत्कारापासून किंकाळीपर्यंत जातो आणि पिल्लं रात्रभर घोरल्यासारखी करतात.

माळ्यावर चढताना हात कुठे घालता ते बघा. जांभ्याच्या फटीत फुरसं असतं, फळ्यांखाली मण्यार. लांब काठीने आधी ठोका, बॅटरी डोक्याला बांधा म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतील. वटवाघळांची लीद झाडायची असेल तर नाक-तोंड झाका आणि ती आधी पाणी शिंपडून भिजवा. पावसाळ्यात उंदराचं मूत असलेल्या ओल्या जागी रबरी हातमोजे घाला, उंदराच्या मुतातून पसरणारा लेप्टो ताप कोकणाला नवा नाही.

दगड

कौलांवर ‘दगड’ पडतात म्हणणाऱ्यांना पहिला प्रश्न: सकाळी दगड सापडतो का? परसात जंगली बदाम किंवा उंडी असेल तर वटवाघळं फळ तोडून दुसऱ्या झाडावर नेतात, गर खातात आणि बी टाकून देतात. तीस फुटांवरून मंगलोरी कौलावर पडलेली बदामाची बी रात्रीच्या शांततेत धोंड्यासारखी वाजते. पन्हळीत शोधा, बियांवर दातांच्या खुणा दिसतील.

खरेच दगड असतील तर कामाला लागा. घराभोवती शंभर फुटांतले फेकण्याजोगे दगड गोळा करणं अशक्य वाटतं, पण दोन माणसांचं ते एका सकाळचं काम आहे. काढून टाकू नका. पूर्वेकडच्या दगडांवर पिवळा ठिपका, पश्चिमेला लाल, पाखाडीच्या (दगडी पायवाटेच्या) बाजूला पांढरा, मागच्या परसात निळा, असे ऑइल पेंटचे शेंगदाण्याएवढे ठिपके द्या आणि दगड होते तिथेच ठेवा. खडू नको, दवाने पुसला जातो. ठिपके दुपारी, घरातली आणि शेजारची वर्दळ नसताना द्या. पुढच्या खेपेला पडलेल्या दगडावर निळा ठिपका असेल तर तो मागच्या परसातून उचलला गेला. ठिपकाच नसेल तर जात बघा: जांभा, काळा खडक, रस्त्याची खडी की समुद्राचा गोटा. खडीचा ढीग गावात कुठे पडलाय हे सगळ्यांना ठाऊक असतं.

मग छप्पर. दगड वरून आत आला असेल तर कौल फुटलेलं, सरकलेलं किंवा किमान टवका उडालेलं असलंच पाहिजे. सगळी कौलं जागेवर आणि दगड माजघरात, याचा अर्थ तो खिडकीतून आला किंवा आतूनच फेकला गेला. कौल फुटलं असेल तर भोकापासून दगड थांबला तिथपर्यंत दोरी ताणा. दोरी भोकातून बाहेर जिकडे रोखलेली दिसते तिकडे फेकणारा असण्याची शक्यता जास्त. दगड खाली पडून उडतो, त्यामुळे फरशीवरचा पहिला ओरखडा सापडला तरच दोरी खरी बोलते. गलोल वापरली असेल तर दगड गोल, लहान आणि जवळपास एकाच मापाचे मिळतात. पावसाळ्यात शेवाळलेल्या कौलांवर स्वतः चढू नका, शाकारणीच्या माणसाला बोलवा.

दगड ‘गरम’ लागला असं अनेकदा सांगतात. दिवसभर उन्हात तापलेला जांभा संध्याकाळी कोमट असतोच, आणि मुठीत धरून ठेवलेला दगडही.

दारं, पत्रे, भांडी

आपोआप उघडणाऱ्या दाराला ओळंबा लावा. वरची बिजागरी खालच्या बिजागरीच्या रेषेतून दोन-तीन मिलिमीटर जरी बाहेर असली तरी जड फणसी दार हळूहळू फिरतं. दार थोडं, अर्धं आणि पूर्ण उघडून सोडा, प्रत्येकी दहा वेळा. दर खेपेला एकाच जागी येऊन थांबलं तर दोष चौकटीचा. मग उंबऱ्याशी उदबत्ती धरून धूर कुठे ओढला जातो ते बघा. दुपारी खारा वारा समुद्राकडून येतो, उत्तररात्री मतलई जमिनीकडून सुटतो. पहाटे आपटणारं दार आणि दुपारी आपटणारं दार सहसा वेगवेगळ्या भिंतींत असतात. पावसाळ्यात फुगून घट्ट बसलेलं दार फेब्रुवारीत आकसून सैल होतं, म्हणून ‘शिमग्याच्या आसपास सुरू झालं’ हे वाक्य वहीत आलं की आधी सुताराला विचारा.

पत्र्याचा हिशेब सोपा. दहा फुटी लोखंडी पत्रा दुपारपासून रात्रीपर्यंत २५ अंश निवला तर जवळपास एक मिलिमीटर आखडतो. खिळा त्याला धरून ठेवतो, ताण साठतो आणि एकदम सुटतो: टण्. असे आवाज दिवेलागणीनंतर दोन-तीन तास येतात, मग विरळ होतात, ढगाळ दिवशी येतच नाहीत. जुन्या घराला मागून पत्र्याची पडवी जोडली असेल तर ‘पडवी बांधली आणि सुरू झालं’ असं घरचे स्वतःच सांगतात, फक्त कारण वेगळं सांगतात: पडवीच्या पायात कुठल्या तरी देवचाराची जागा आली.

पंप बंद झाल्यावर दोन-तीन सेकंदांनी भिंतीत धाड होते ती पाइपात उलट्या आलेल्या पाण्याची. कडाप्प्याच्या ओल्या ओट्यावर गरम भांडं ठेवलं तर बुडाखाली अडकलेली हवा फुगते आणि भांडं स्वतःहून घसरतं. करून बघा, मुलांना आवडतं. फडताळाला पाणसळ लावा. एका खोलीतले दिवे भडकतात आणि दुसऱ्या खोलीत मंदावतात, तेव्हा न्यूट्रल सुटलेला असू शकतो. ही भुताची नव्हे, आगीची बाब आहे, मेन स्विच पाडून वायरमनला बोलवा.

घर मुळापासून हादरतं असं वाटलं तर जमिनीवर पाण्याने काठोकाठ भरलेली परात ठेवून मोबाइलने चित्रण करा आणि वेळा कोकण रेल्वेच्या गाड्यांशी, चिरेखाणीशी, सुरुंगांशी ताडून बघा. डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून छोट्या धक्क्यांची मालिका चालली आणि त्यांतल्या अनेकांबरोबर जमिनीतून आवाज आले. चिपळूणकडे कोयनेचे धक्के पोचतात. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या यादीत वेळ मिळते. मात्र हादऱ्यावर सगळं ढकलू नका. जमिनीखालच्या पाण्याने घरं हलून असे प्रकार होतात असा सिद्धान्त जी. डब्ल्यू. लँबर्ट यांनी १९५५ साली इंग्लंडमध्ये मांडला होता. पुढे अशा प्रकारांचे अभ्यासक ॲलन गॉल्ड आणि टोनी कॉर्नेल यांनी पाडायला काढलेल्या घराला यंत्राने हादरे दिले. घर थरथरलं, पण वस्तू काही उडत सुटल्या नाहीत. आवाजाचं कारण समुद्र असू शकतो, उडालेल्या तांब्याचं नाही.

आणि एक तपासणी चुकवू नका. बंद न्हाणीघरातला गॅस गिझर, पावसात दारं लावून पेटवलेली कोळशाची शेगडी, पडवीतला जनरेटर यांतून कार्बन मोनॉक्साइड साठतो. डोकं जड होणं, छातीवर दाब, कोणी जवळ उभं असल्याचा भास, आणि बाहेर गेल्यावर बरं वाटणं, असं एकाहून अधिक जणांना होत असेल तर तपास थांबवा, खिडक्या उघडा, डॉक्टरांना हे कारण नाव घेऊन सांगा.

मोबाइल आणि कॅमेरा

इथवर येऊनही काही उरलं असेल तरच यंत्रं. आवाजासाठी तीन मोबाइल तीन खोल्यांत, विमान मोडवर, चार्जिंगला लावून. सुरुवातीला तिघांपासून सारख्या अंतरावर उभं राहून जोरात टाळी वाजवा, ती तिन्ही ध्वनिफितींत एकाच जागी आणून जुळवा. मग ठोका कोणत्या फितीत आधी येतो ते बघा. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, म्हणजे एक शतांश सेकंदाचा फरक साडेतीन मीटर. लाकडातून आवाज वेगाने पळतो, त्यामुळे खोली कळेल, खुंटी कळणार नाही. आणि मोबाइलची घड्याळं तासाभरात किंचित फाकतात, म्हणून टाळी दर तासाला पुन्हा.

अंधारात चालणाऱ्या कॅमेऱ्यात तरंगणारे पांढरे गोळे म्हणजे धूळ, डास आणि पागोळ्यांचे थेंब. भिंगापुढे कोळी बसला तर पडदाभर सावली फिरते. दारं-खिडक्यांवर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर सही करा, पट्टी अर्धी चौकटीवर, अर्धी फळीवर. दमट हवेत गोंद सुटतो, म्हणून प्रत्येक पट्टीच्या शेजारी कुणी हात न लावण्याच्या जागी एक साक्षीची पट्टी लावा. तीही सुटली असेल तर हवेने सोडली.

माणूस सापडला तर

कपडे पेटणं, अन्नात घाण सापडणं, बंद पेटीतली वस्तू विहिरीवर मिळणं, या गोष्टी कांडेचोर करत नाही. ‘कोण कुठे’ रकान्यात एकच नाव पुन्हा पुन्हा येतं, आणि बहुतेकदा ते घरातल्या सर्वांत दुबळ्या जागी असलेल्या माणसाचं असतं: शाळेत मागे पडलेला मुलगा, नवी सून, आश्रयाला ठेवलेली भाची. १७६२ साली लंडनच्या कॉक लेनमधल्या ‘ठोके देणाऱ्या भुता’चा तपास कोशकार सॅम्युअल जॉन्सन वगैरे मंडळींनी केला. शेवटी अकरा-बारा वर्षांच्या मुलीने अंगाशी लपवलेली लाकडाची फळी सापडली. पण ती फळी तिने आणली ती ‘आवाज आले नाहीत तर तुझ्या बापाला तुरुंगात टाकू’ अशी धमकी मिळाल्यावर. पकडण्याच्या घाईत पुरावा आपणच कसा तयार करतो, ते इथे बघावं.

म्हणून सापळा लावून सर्वांसमोर उघडं पाडू नका. घरातल्या ज्या काकी-मामांवर त्या माणसाचा जीव आहे त्यांच्याकरवी त्याच्याशी एकांतात बोला. ‘तू केलंस का’ असं विचारू नका, ‘कधीपासून झोप नाही’ असं विचारा. ‘आता होणार नाही’ एवढंच उत्तर पुरे आहे, कबुलीजबाब नको. टेलिमानस (मानसिक आरोग्यासाठी) १४४१६ आणि चाइल्डलाइन (मुलांसाठी) १०९८ हे दोन क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

घरच्यांना देवळात गाऱ्हाणं घालायचं असेल तर अडवू नका, त्याने धीर येतो आणि तपासाचं काही बिघडत नाही. मात्र देवाला कौल लावून किंवा भगताकडून एखाद्या बाईचं नाव ‘करणी केली’ म्हणून निघालं, कोणाला मारहाण, चटके, धूर देणं सुरू झालं, तर तिथे वही मिटून पोलीस ठाणं गाठा किंवा ११२ लावा. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली त्याला सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे.

बंद करताना

कांडेचोर पकडू किंवा मारू नका, तो वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. पिल्लं असतील तर ती बाहेर पडू लागेपर्यंत थांबा, नाहीतर आई रात्रभर कौलं उचकटेल. शंका असेल तर वनविभागाचा १९२६ क्रमांक आहे. छपराला टेकलेल्या फांद्या किमान सहा फूट मागे छाटा, दिवे लागल्यावर तो बाहेर पडला की भोकावर एक इंची जाळी खिळ्यांनी नव्हे तर स्क्रूने बसवा, आणि आत पुन्हा राखेचा पुठ्ठा ठेवा. तीन रात्री राख कोरी राहिली तर भोक बरोबर होतं.

वहीतल्या प्रत्येक नोंदीपुढे कारण लिहा, आणि जिथे मिळालं नाही तिथे ‘मिळालं नाही’ असंच लिहा. तिथे ओढूनताणून उंदीर बसवला तर घरच्यांचा बाकीच्या उत्तरांवरचाही विश्वास उडतो. मे महिन्यात केलेला तपास असेल तर वही फेकू नका. मृगाच्या पहिल्या आठवड्यात लाकूड फुगायला लागलं की पुन्हा पंधरा दिवस लिहा.